तुळशीरामजींचा ताणकाटा

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे नऊ. भवनातल्या सिलिंडरचं वजन चौदा किलो सहाशे ग्रॅम. हजर तिघे : मी, समाजभवनाचा चौकीदार आणि तुळशीरामजी. मी एवढं लिहून घेतलं तर तुळशीरामजी वहीत वाकून म्हणाले, "सहाशेच्या पुढं 'फक्त' लिहा बाबूजी. आकड्याचा भरोसा नाई."

तुळशीरामजी लाखनीत आग विझवायचे सिलिंडर तपासतात. आधी राइस मिलमध्ये बिजलीचं काम करायचे, तिथून सुटल्यावर हे धरलं. पिशवीत कायम एक ताणकाटा, वस्तू लटकवून तौलायचा. लग्नालाही तो सोबत असतो. पंगत बसते, वाढपी भात घेऊन येतो आणि यांची जागा रिकामी. हे कोपऱ्यातला लाल सिलिंडर काट्याला लटकवून, डोळे बारीक करून उभे. एकदा नवरीच्या बापाने विचारलं, "काहून जी, जेवण सोडून?" तर म्हणाले, "तुमचा सिलिंडर दीड किलोनं उपाशी हाय. मी कसा जेवू?"

भवनातला सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा आहे. गॅस दाबून पातळ करून भरलेला असतो. पावडरच्या सिलिंडरला दाब दाखवणारं घड्याळ असतं, याला नसतं. असून उपयोगही नसता, कारण आतला पातळ गॅस संपत येईपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. झडप गळत असली तरी वास येत नाही, रंग दिसत नाही. रिकाम्या नळ्याचं वजन मानेवर कोरलेलं असतं, आमच्याचं दहा किलो दोनशे. ते वजा केलं की उरला तो गॅस. भरताना साडेचार किलो होता. दहावा हिस्सा कमी झाला की भरायला न्यायचा. मला वजाबाकी आवडते, म्हणून आमचं जमलं. "पाहून समजत नाई, सूंघून समजत नाई," ते म्हणायचे, "तौलूनच समजते."

त्यांची हुशारी मी गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिली. भवनात लग्न होतं. मीटरच्या खोलीत बोर्डाने पेट घेतला. आचारी पाण्याची बादली घेऊन धावला. तुळशीरामजींनी त्याची कॉलर धरून मागे ओढलं. "करंट हाय त्यात! मरतं काय रे?" मग खोलीत वाकून ओरडले, "अंदर कोणी हाय काय?" कोणी नाही याची खात्री झाल्यावर बाहेरचा मेन बंद केला, दारातूनच सिलिंडरचा भोंगा धरला आणि दांडी दाबली. पांढरा धूर फसफसत गेला, ज्वाळा बसल्या. लोक टाळ्या वाजवायला लागले तर म्हणाले, "टाळ्या कायले? गॅस हवेले बाजूला सारते, तार थंडी नाई करत. हवा परत आली का आग बी येते." आणि खरंच, दोन मिनिटांनी पुन्हा भडका. तो विझवल्यावर त्यांनी दार उघडं टाकून अर्धा तास कोणाला आत जाऊ दिलं नाही. "जी हवा आगीले लागते तेच माणसाले लागते," म्हणाले. बोर्डाच्या बाकी भागावर पावडरचा एक कण नव्हता, पाण्याचा एक थेंब नव्हता. वायरमनने तीन वायरी बदलल्या आणि संध्याकाळी पंखे सुरू.

एवढं होऊनही दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय निघालाच : तुळशीरामजींना दर महिन्याला तौलायचे शंभर रुपये द्यायचे की नाहीत. नवे अध्यक्ष खताचे दुकानदार. त्यांनी सिलिंडरसोबत आलेला कागद काढला. "सहा महिन्यांतून एकदा वजन करा, असं छापून हाय. बाकी दहा वेळा हा माणूस काय करून राहिला?"

काय करतात ते मला ठाऊक होतं. पहिल्या रविवारी इस्त्रीचा सदरा घालून येतात. तौलायला दहा मिनिटं लागतात आणि बसतात दोन तास. मुलगा पुण्याला. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मला एकदा म्हणाले होते, "घरी टीव्ही हाय जी. तो बोलते लय, पण आपलं ऐकत नाई." भवनाचा रविवार गेला तर त्यांच्या महिन्यात दुसरं काही उरत नव्हतं. पण मी खजिनदार. कागद मी दोनदा वाचला. अध्यक्षांचं बरोबर होतं. मी वर्षातून दोनदा तौलण्याच्या बाजूने हात वर केला.

त्यांना सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ऐकून म्हणाले, "बराबर हाय. कागदात तसंच हाय." काटा पिशवीत ठेवला. चौकीदाराने चहा आणला होता, तो न घेता गेले.

पुढचा महिना कोरा गेला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाऊन भवनासारखाच, पण दोन किलोचा एक सिलिंडर सांगितला, माझ्या घरासाठी.

ते घेऊन आले तेव्हा बायको दारातच म्हणाली, "आपल्या दोन खोल्यांत हे कायले? इथं काय मिल चालते?"

"वहिनी बराबर बोलून राहिल्या," तुळशीरामजी म्हणाले. "बाबूजी, घरी पावडरवाला पुरते. अर्ध्या पैशात येते. तो आणून देऊ?"

"त्याला घड्याळ असतं," मी म्हणालो. "मला तौलायचा पाहिजे. महिन्याच्या महिन्याला."

"सहा महिन्यांतून एकदा तौलला तरी चालते जी. मीच सांगून राहिलो."

"भवनाचा नियम भवनात. माझ्या घरी मला दर महिन्याचा आकडा लागतो."

ते भिंतीवर बोटांनी टकटक करू लागले. खिळा कुठे ठोकावा ते पाहत असतील. मग बायकोला म्हणाले, "वहिनी, चहात साखर कमी टाकजा. मले शुगर हाय."

सिलिंडरचे तीन हजार चारशे, हुकाचे साठ. एकूण तीन हजार चारशे साठ रुपये तुळशीरामजींना रोख दिले, माझ्या पगारातून. पहिल्या तौलण्याचे शंभर वर ठेवले होते, ते त्यांनी परत केले.