दहा पायांची मखमल

एका जंगलात, बाळांनो, राजा नव्हता. सोसायटी होती. हिरवी सावली सहकारी बीळनिर्माण संस्था. राजा असता तर पोट भरल्यावर त्याला निदान झोप तरी लागली असती. सोसायटीला झोप लागत नाही. ती सूचना लावत बसते.

त्या सोसायटीत सात नंबरच्या बिळात साळवी गुरुजी राहायचे. गुरुजी म्हणजे साळिंदर. अंगभर हे एवढाले काटे! आता मला सांगा, काटेवाल्याच्या शेजारी कोण बसेल? लग्नात त्यांचं पान नेहमी वेगळं, कोपऱ्यात. वाढपीसुद्धा लांबूनच भात फेकायचा. गुरुजी तक्रार करत नसत, पण त्यांना वाईट वाटायचं.

म्हणून त्यांनी एक टॅरंटुला पाळली. टॅरंटुला म्हणजे मोठ्ठा केसाळ कोळी. ए, किंचाळू नका, ती गोष्टीत आहे, तुमच्या गादीत नाही. तिचं नाव मखमल. ती काट्याकाट्यांमधून अलगद वाट काढत गुरुजींच्या डोक्यावर जाऊन बसायची. अख्ख्या जंगलात गुरुजींच्या अंगाखांद्यावर खेळणारी तेवढी एकच.

गुरुजी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवत आले होते. निम्मं जंगल त्यांच्या हाताखालून गेलेलं. सहा पाय तो कीटक, आठ पाय तो कोळी, हे त्यांनी घोकून घोकून सगळ्यांच्या डोक्यात बसवलं होतं. चुकून कुणी विचारलं, "काय गुरुजी, तुमचा किडा काय म्हणतो?" तर त्याची अर्ध्या तासात सुटका नसे.

एके वर्षी सोसायटीत झुरळं झाली. पिठात झुरळ, पाण्यात झुरळ, अध्यक्षांच्या कानात झुरळ. कानात गेल्यावर मात्र लगेच सूचना लागली.

"बुधवारी सर्व बिळांत किटकनाशक फवारणी होईल. झुरळे पळून शेजारच्या जंगलात गेल्यास भांडणे होतात. सबब, पासशिवाय कोणताही जीव फाटकाबाहेर जाणार नाही. पाळीव किटक असणाऱ्यांनी मंगळवारपर्यंत पास घ्यावा."

गुरुजींनी सूचना वाचली. खिशातून लाल पेन काढलं आणि दोन्ही ठिकाणी 'किटक'चं 'कीटक' केलं. मग समाधानाने घरी गेले. मखमल काही कीटक नव्हती. पास कशाला हवा?

मंगळवारी सकाळी फवारणीवाला बिळं बघायला आला. हा खवल्या मांजर. त्याचे आजोबा हेच काम जिभेने करायचे, याने पंप घेतला होता. सात नंबरच्या बिळात त्याने मखमलची काचपेटी पाहिली आणि तो दारातच थबकला.

"गुरुजी, ही इथंच ठेवणार?"

"अर्थात. कीटकनाशक आहे ना? मग हिचा काय संबंध?"

खवल्याने पंप खाली ठेवला. "सातवीत मी कोळ्याला कीटक लिहिलं म्हणून तुम्ही मला नापास केलंत. आठवतंय?"

"बरोबरच केलं."

"बरोबर केलंत हो. पण हे औषध तुमच्या वर्गात बसलेलं नाही. त्याला व्याख्या येत नाही. ते पाय मोजत बसत नाही, सरसकट मारतं."

गुरुजींनी वर पाहिलं. डोक्यावर मखमल पाय ताणत होती.

"नुसती पेटी झाकून भागणार नाही," खवल्या म्हणाला. "वास गेला तरी औषध भिंतीला चिकटून राहतं. पेटीसकट हिला बाहेर न्या, चांगली महिनाभर. परत आणाल तेव्हा आधी बीळ पुसून काढा. हात धुतल्याशिवाय हिला उचलू नका. आणि मेलेली झुरळं फुकटची मेजवानी म्हणून हिला घालू नका. विष त्यांच्या पोटातून हिच्या पोटात जाईल."

गुरुजींचे सगळे काटे उभे राहिले. मखमलला डोक्यावर घेऊन ते धावतच ऑफिसात गेले. खवल्याही मागोमाग गेला.

ऑफिसात सचिव घोरपडेबाई बसल्या होत्या. एकदा खुर्चीला चिकटल्या की सुटायच्या नाहीत. त्याही गुरुजींच्याच विद्यार्थिनी, आणि पहिल्या नंबराच्या.

"पास दे, घोरपडे," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "हिला बाहेर न्यायचंय."

बाईंनी फॉर्म काढला. त्यावर तीनच रकाने होते. पक्षी, पाळीव कीटक, जलचर.

गुरुजींनी लांबलचक श्वास घेतला. मान खाली घातली. जन्मात केलं नव्हतं ते केलं. "कीटकात टाक," ते पुटपुटले.

"पाय किती?"

"आठ."

बाईंचं पेन थांबलं. "आठ? मग कीटक कसा? सहा पाय तो कीटक. तुम्हीच शिकवलंत, गुरुजी."

"अगं, एवढ्यापुरतं..."

"एवढ्यापुरतं काही नसतं, हेही तुम्हीच शिकवलंत. छडी घेऊन."

"मग कोळ्याचा रकाना कुठाय?"

"नाही. पण तुम्ही घाबरता कशाला? औषध कीटकनाशक. ही कीटक नाही. म्हणजे हिला काही होणार नाही. चूक दाखवा."

गुरुजींना चूक सापडेना. तीस वर्षांत इतकं चोख उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घोरपडे," ते म्हणाले, "ही मरेल गं."

बाई विरघळल्या. पण सचिव विरघळला तरी फॉर्म विरघळत नाही. त्यांनी चष्मा लावला. "थांबा, मी स्वतः मोजते." खुर्ची न सोडता त्या पुढे वाकल्या. "एक, दोन, तीन... नऊ, दहा. गुरुजी, दहा आहेत!"

आता बाळांनो, तुम्हाला खरं सांगतो. टॅरंटुलाला तोंडाजवळ आणखी दोन अवयव असतात. चाचपायला. पायांसारखेच दिसतात, पण ते पाय नव्हेत. गुरुजी हे दर वर्षी शिकवायचे, आणि दर वर्षी घोरपडेबाई नेमक्या त्याच दिवशी गैरहजर असायच्या.

गुरुजींनी चूक सुधारायला तोंड उघडलं. सवयीने हात लाल पेनाकडे गेला.

"गुरुजी," मागून खवल्या म्हणाला, "आज गप्प बसा."

डोक्यावर मखमलने एक पाय हलकेच गुरुजींच्या कपाळावर ठेवला. गुरुजींनी पेन खिशात ढकललं.

"दहा," ते म्हणाले.

"दहा पाय म्हणजे खेकडा!" बाई आनंदाने ओरडल्या. "खेकडा म्हणजे जलचर!" आणि त्यांनी तिसऱ्या रकान्यावर शिक्का मारला.

मखमल महिनाभर तळ्याकाठी बेडकाच्या ओसरीत राहिली. बेडूक महिनाभर माडीवर राहिला. बुधवारी फवारणी झाली. गुरुजींनी बीळ तीनदा पुसलं, हात कोपरापर्यंत धुतले, मग तिला घरी आणलं. ती काट्यांमधून वाट काढत डोक्यावर चढली. गुरुजी तेव्हा मोठ्याने रडले.

पण कागदावर ती खेकडाच राहिली. तपासणी आली की पास दाखवावा लागे. पुढच्या वर्षी पिल्लांनी विचारलं, "गुरुजी, कोळ्याला पाय किती?"

गुरुजींनी खिडकीतून ऑफिसाकडे पाहिलं. मग फळ्यावर ठळक लिहिलं, 'दहा'.

त्या वर्षी 'आठ' लिहिणारी सगळी पिल्लं नापास झाली.

तात्पर्य : फवारणीच्या आधी कोळी घराबाहेर ठेवावा. ज्ञान त्याच्याही आधी.