टाचणीरावांची बदली सुट्टी

"रजा? आणि मला मिळणार नाही? अगं, रजेचे नियम मी कोळून प्यायलोय!" टाचणीरावांनी छातीठोकपणे बायकोला सांगितलं.

टाचणीराव म्हणजे कचेरीतले रजेचे कारकून. कुणाचाही अर्ज आला की त्यात खोट काढायची, वर चिठ्ठी टाचायची आणि परत धाडायचा, या एकाच कलेवर गड्याने बावीस वर्षं काढलेली! आता मात्र त्यांनी स्वतः तीन रविवार कचेरीत राबून जुन्या फायली लावल्या होत्या. रविवारी राबलं की त्याबदल्यात आठवड्यात सुट्टी, हा तर हक्कच! त्यातली एक त्यांना बुधवारी हवी होती.

कारण बुधवारी अकरा वाजता बायकोची पोहण्याची शर्यत होती. एकोणपन्नासाव्या वर्षी बाई जिद्दीने पोहायला शिकल्या, आणि मागच्या दोन्ही शर्यतींना यांची खुर्ची रिकामी!

"या वेळी नाही आलात ना, तर पुढच्या वेळी सांगणारसुद्धा नाही मी," त्या म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण टाचणीरावांनी लगेच अर्जासाठी कोरा कागद काढला.

सोमवारी अर्ज केला. स्वतःचा अर्ज स्वतःच कसा तपासणार? म्हणून तो गेला शेजारच्या टेबलावर, त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या नव्या कारकूनबाईंकडे. दहा मिनिटांत परत! वर टाचणी!

"सर, रविवारी बोलावल्याचा लेखी आदेश नाही."

"अगं, साहेबांनी तोंडी सांगितलं होतं! तुझ्यासमोर!"

"तोंडाला जावक क्रमांक नसतो, असं तुम्हीच शिकवलंत ना, सर?"

शिकवलं होतं खरं! मंगळवारी दुपारपर्यंत साहेबांच्या दाराशी ताटकळून आदेश आणला. अर्ज पुन्हा परत. हजेरीपटावर रविवारच्या सह्या कुठायत? आता रविवारी हजेरीपटाचं कपाट उघडायचं नाही, हा फतवासुद्धा यांचाच! सांगणार कुणाला?

"मग वॉचमनची वही आणा," कारकूनबाई गोड आवाजात म्हणाल्या.

याच वॉचमनचा अर्ज टाचणीरावांनी गेल्या वर्षी पाच वेळा परत केला होता. त्याने अगदी सावकाश वही उघडली. तिन्ही रविवारी एकच नोंद: 'सकाळी नऊ. एक इसम आत गेला. नाव विचारले. "मी कोण, माहीत नाही का?" असे म्हणाला.'

"अरे बाबा, तो इसम मीच!"

"असाल साहेब. पण त्याचा आवाज चढा होता. तुमचा आज भलताच मऊ लागतोय."

झालं! बुधवारी सकाळी दहा वाजता कारकूनबाईंनी इसमाची ओळख पटवायला घेतली. सगळी कचेरी कामं टाकून गोळा झाली.

"मी कोण, माहीत नाही का?" टाचणीराव पुटपुटले.

"छे! हा नव्हे," वॉचमन म्हणाला.

"मी कोण, माहीत नाही का!"

"आता जरा जवळ आलात. पण तो बोट नाचवायचा."

साडेदहा वाजले. टाचणीरावांना ती रिकामी खुर्ची दिसायला लागली आणि त्यांचं डोकंच फिरलं. बोट नाचवत ते असे गरजले, की टेबलावरचे कागद उडाले, "मी कोण, माहीत नाही का तुला!"

"हाच तो इसम!" वॉचमन तृप्त होऊन म्हणाला.

आवाजाने मोठे साहेब धावत बाहेर आले. सगळा प्रकार ऐकून त्यांनी उभ्या उभ्या अर्जावर सही ठोकली. मग विचारलं, "असे आणखी किती अर्ज अडलेत?"

"एकशे सहा," कारकूनबाई म्हणाल्या.

साहेबांनी तिथल्या तिथे दोन ओळी लिहवून घेतल्या, शिक्का मारला आणि कागद टाचणीरावांच्या हातात कोंबला. वाचायला वेळ कुणाला होता! कागद खिशात, आणि टाचणीराव रस्त्यावर!

पोहण्याच्या तलावाकाठी ते खुर्चीत टेकले आणि शिट्टी वाजली. घसा बसेपर्यंत ओरडले बिचारे! बायकोचा शर्यतीत दुसरा नंबर आला आणि ती ओलेत्या अंगानेच समोर उभी राहिली.

"आलात!" त्यांनी भरलेल्या खुर्चीकडे दोनदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, अंतिम फेरीत गेले मी! रविवारी, अकराला. याल ना?"

"येणार म्हणजे काय! रविवार तर आपल्या हक्काचा!"

डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याबरोबर तो कागद आला. 'अडलेले सर्व अर्ज निकाली काढण्यासाठी येत्या रविवारी सकाळी नऊपासून हजर राहावे.' सही, शिक्का, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे! बावीस वर्षांत एवढा बिनचूक कागद त्यांच्या हाती लागला नव्हता.

टाचणीरावांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हळूच बोटं सैल सोडली. कागद तलावात पडला आणि वाऱ्याबरोबर खोल बाजूला निघाला.

"अगंबाई, तुमचा कागद!"

"राहू दे गं..." टाचणीराव म्हणेम्हणेपर्यंत बाईंनी सूर मारलासुद्धा! सपासप हात मारत गेल्या, कागद पकडला आणि तो उंच धरून परत आल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाचणीरावांनाही वाजवाव्या लागल्या.

"घ्या!" बाई धापा टाकत, अभिमानाने म्हणाल्या. "शिक्कासुद्धा पुसला नाही बघा!"