पाठवणारा: गंगाधरराव

मुलांनो, आखाडा बाळापुरात आमच्या समोर राहणाऱ्या गंगाधररावांचं दार वाजवलं, की आतून "कोण?" येत नाही. "कुठून?" येतं. मी वीस पावलं चालून गेले, तरी "समोरच्या घरून" म्हटल्याशिवाय कडी निघत नाही.

गावातल्या निम्म्या कचेऱ्यांचे कॉम्प्युटर तेच जोडून देतात. इंटरनेटवर मजकूर छोट्या छोट्या पाकिटांतून जातो. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, आणि उत्तर त्याच पत्त्यावर परत येतं. गंगाधररावांकडे इंटरनेटच्या दोन लाइनी, म्हणून पत्तेही दोन. त्यातला कोणता लावायचा हे यंत्र आपलं आपण ठरवतं, आणि तेच त्यांना खपत नाही.

"विंडोज एक लावतं, लिनक्स दुसराच. दोघायलाबी बापाचं नाव बराबर सांगता येत न्हाई," म्हणत ते कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन्ही प्रणालींना पत्ता स्वतः नेमून देतात. मला दिलेल्या लोणच्याच्या बरणीवरसुद्धा 'प्रेषक' होतं.

याच खुळापायी चार वर्षांपूर्वी त्यांनी एक पाकीट पोस्टमनला न फोडता परत केलं. वर प्रेषक नव्हता. आत त्यांच्या लेकीच्या, मनीषाच्या लग्नाची पत्रिका होती, हे मागाहून कळलं; लग्न तिनं पुण्यात स्वतःच ठरवलं होतं. लग्नाला बाप आलाच नाही, तेव्हापासून ती बोलत नाही.

परवा लाइनमन जुनी लाइन कापायला आला. नवी कितीतरी वेगवान, तरी गंगाधरराव लाइनीच्या पेटीसमोर मांडी घालून बसले. या मेल्या लाइनीत एवढं काय ठेवलंय, असं मी विचारलं. मग त्यांनी पडद्यावर दाखवलं. रोज सकाळी एक रिकामं पाकीट मनीषाच्या घरातल्या वायफायच्या डब्याकडे जातं आणि डबा उत्तर देतो. ती नोकरीला लागली तेव्हा तो त्यांनीच बसवला होता. बाहेरच्यांपैकी तो या जुन्या लाइनीच्या एकाच पत्त्याला ओळखतो; लाइन कापली की उत्तर बंद.

"लेकरू बोलत न्हाई, बाई. पण घरात लाईट हाय, एवढं कळतं."

मग डब्यात नवा पत्ता तिलाच घालायला सांगा, असं म्हणून मी माझा फोन पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"तुमच्या नंबरावरून न्हाई."

स्वतःच्या फोनवरून लावला. तिनं उचलला.

"पाठवणारा, पप्पा," ते म्हणाले. "मुक्काम बाळापूर." मग तिच्या डब्याकडे रोज पाकीट जातं ती जुनी लाइन कापतायत, असं त्यांनी सांगितलं.

मग मनीषा म्हणाली, "सांगा नवा पत्ता. लिहून घेते."

तो त्यांना तोंडपाठ होता. तरी त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, फार सावकाश.