हरबा वानराचा न मोडलेला पाय

बाळांनो, एका जंगलात (नाव विचारू नका, तिथल्या प्राण्यांच्या भावना लगेच दुखावतात) हरबा नावाचा वानर राहत होता. तो राजाच्या नोकरीत होता. सगळ्यात उंच सागावर बसायचं आणि बिबट्या दिसला की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. राजा स्वतः वाघ होता. त्यामुळे वाघ दिसला तर ओरडायचं नाही, फक्त उठून उभं राहायचं.

हरबा हे काम मन लावून करायचा. मग एके दिवशी त्याचं मन लागेना. बिबट्या समोरून गेला. हरबानं त्याला पाहिलं, आणि त्याला वाटलं, ओरडून तरी काय होणार आहे? तो गप्प बसला. एक भेकर त्या दिवशी थोडक्यात वाचलं. शेपूट तेवढं गेलं.

हरबाची बायको केशर. तिच्या लक्षात सगळं येत होतं. हरबा हातात पान घ्यायचा आणि खायचं विसरायचा. संध्याकाळी उवा काढायला पाठ द्यायचा नाही. वानराच्या संसारात याहून वाईट लक्षण नाही. अहो, दुखतंय तरी कुठं, असं तिनं विचारलं.

"कुठंच दुखत नाही," हरबा म्हणाला. "दुखलं असतं तर बरं झालं असतं गं."

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडे का नेलं नाही? तर त्या जंगलात मनाच्या डॉक्टर होत्या. शेजारच्या जंगलात आहे म्हणून राजानंही एक नेमली होती. डॉक्टर पिंगळीबाई. पाणवठ्यावरच्या उंबराच्या ढोलीत त्यांचा दवाखाना. बाई हुशार होत्या. पण उंबरावर कोण चढतंय हे पाण्यावर आलेल्या प्रत्येकाला दिसायचं, म्हणून कोणीच चढत नसे. पिंगळीबाई दिवसभर मान गरागरा फिरवून पेशंटची वाट बघायच्या.

त्यातून केशरची मुलगी लग्नाची. पलीकडच्या काठावरचं स्थळ येऊ घातलं होतं. मुलीच्या बापाला उंबरावर नेलं ही बातमी, केशर उंबरावरून उतरायच्या आत पलीकडे पोचली असती. तेव्हा तिनं निदान रजा तरी मागावी म्हणून राजाची गुहा गाठली. आमचे हे फार उदास आहेत, म्हणाली.

राजा गोंधळला. "उदास म्हणजे कुठल्या बाजूला?"

ताप नाही, सूज नाही, रक्त नाही. मग रजाही नाही. राजानं तिला सल्ला मात्र भरपूर दिला. पहाटे उठावं, चार टेकड्या धावाव्यात, मन प्रसन्न ठेवावं. आणि माझ्याकडे बघा, मी कधी उदास होतो का, असंही तो म्हणाला.

परत येताना केशरला वाटेत सांबर दिसलं. त्याच्या खुरात काटा गेला होता. भरपगारी रजेवर पडून होतं, आणि भेटायला आलेले प्राणी त्याला कोवळा पाला भरवत होते. केशर तिथंच थांबली. बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत हरबाचा पाय मोडला.

म्हणजे मोडला नव्हता. हाडवैद्य खेकड्यानं पाय चाचपला आणि हाड शाबूत आहे म्हणाला. केशरनं त्याच्यापुढे जांभळांची टोपली ठेवली. खेकड्यानं पुन्हा चाचपलं. या खेपेला हाड मोडलेलं सापडलं. त्यानं मधात कालवलेल्या वारुळाच्या मातीचं चांगलं मांडीपर्यंत प्लास्टर घातलं.

मग काय विचारता! रजा तर मिळालीच, वर राजानं फळं पाठवली. भेटायला रीघ लागली. आलेला प्रत्येक जण आपला पाय कधी मोडला होता ते सांगायचा आणि केशरच्या घरचे दोन आंबे खाऊन जायचा. हरबाला पहाटे धावायला कोणी सांगितलं नाही. पलीकडच्या काठावरची मंडळीही आली. पाय होय, पाय काय कोणाचाही मोडतो, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं लग्न ठरवून टाकलं.

हरबा मात्र होता तसाच. आधी नुसता बसायचा, आता प्लास्टर घेऊन बसायचा.

"सगळे इतक्या मायेनं विचारतात," तो म्हणाला, "आणि मी सांगतो, पाय बरा आहे. बरा आहेच तो. बाकीचं कोणी विचारतच नाही."

हे ऐकून केशरला रडूच फुटलं. मग तिनं डोळे पुसले, हरबाच्या हातात काठी दिली आणि भर दुपारी त्याला उंबराकडे घेऊन निघाली. पाणवठ्यावरच्या रानडुकरांनी हटकलंच, कुठं निघालात म्हणून. मालिशीला, ती म्हणाली.

पिंगळीबाई काय समजायचं ते समजल्या. "या, या, पायाची मालिश ना?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "बसा. आणि बोला."

पिंगळीबाई पंखानं प्लास्टर चोळत राहिल्या आणि हरबा बोलत राहिला. प्लास्टरवरून मालिश कशी होते, हे डुकरांना विचारायचं सुचलं नाही. बाईंनी कसलीशी मुळी दिली, पायासाठी म्हणून. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी हरबानं केशरकडे पाठ केली आणि म्हणाला, "जरा बघ गं, डाव्या खांद्याखाली चावतंय." केशरनं ती ऊ काढली. तिला इतका आनंद झाला की खायचीसुद्धा विसरली.

प्लास्टर निघालं. हरबा सागावर गेला आणि पहिल्यासारखा ओरडू लागला. राजानं सभा भरवली आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कोणाचा? खेकड्याचा.

आता खरी गंमत पुढेच आहे. एकेक जण गुपचूप केशरकडे येऊ लागला. मोराला नाचावंसं वाटत नव्हतं. साळिंदर उगाचच सगळ्यांना टोचत होतं आणि मग बिळात जाऊन रडत होतं. केशरनं सगळ्यांना वाट दाखवली: आधी खेकडा, मग मालिश. बघता बघता अर्धं जंगल लंगडू लागलं. कामं अडली. मधाचा सरकारी साठा होता तो सगळा प्लास्टरमध्ये गेला. राजानं काटकसर करायचं ठरवलं आणि कोणती जागा बिनकामाची आहे ते शोधलं. मनाचा पेशंट म्हणून आजवर एकाचीही नोंद नव्हती. पिंगळीबाईंना ढोली खाली करायचा हुकूम गेला.

केशरच्या पायाखालची फांदी सरकली. हरबाची मुळी अजून चालू होती. बाई गेल्या तर तो पुन्हा हातात पान धरून बसेल, या भीतीनं तिला काही सुचेना. शेवटी तिनं ठरवलं, भर सभेत खरं सांगायचं. लग्न मोडलं तर मोडू दे.

ती निघणार तोच राजा झाडाखाली येऊन उभा राहिला. एकटाच.

"केशरबाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला शिकार करावीशी वाटत नाही हो. रोज पहाटे धावतो, तरी वाटत नाही. कोणता पाय सांगू?"

केशरला राग आला आणि दयाही आली. एवढा मोठा वाघ, पण चेहरा अगदी हरबासारखा झाला होता.

"पाय कोणताही चालेल, महाराज," ती म्हणाली. "पण मालिशवाल्या बाईंना तुम्ही सकाळीच काढून टाकलंत."

राजा तसाच माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशी पिंगळीबाईंना पुन्हा कामावर घेतलं. खेकड्याच्या हाताखाली, निम्म्या पगारावर, साहाय्यक मालिशकार म्हणून. हरबाची मुळी चालू राहिली. उंबराखाली आता सकाळपासून रांग असते. प्लास्टरचा खर्च भागवायला राजानं मधमाश्यांवर नवा कर बसवला आहे. प्लास्टर न घालताच उंबरावर जावं, असं अजून कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. राजा दर सोमवारी येतो. त्याचा मागचा उजवा पाय आहे.

तात्पर्य: मन आजारी पडल्यास प्रथम एक पाय निवडावा. ज्यांना दोनच पाय आहेत, त्यांनी ते जपून वापरावेत.