सर्वानुमते जबडा

दंत रुग्णालयाच्या समन्वय समितीचे पत्र येऊन बरेच दिवस झाले होते, आणि मी त्याला उत्तर दिले नव्हते. पत्र अतिशय सभ्य होते. ‘संपूर्ण उपचारकाळात आपण एकदाही हरकत घेतली नाही, याची समितीने कौतुकपूर्वक नोंद घेतली असून, रुग्णांचे प्रतिनिधी म्हणून आपण समितीवर यावे,’ अशी त्यात विनंती होती. हरकत घेतली नाही हे खरे आहे. पण तो माझा गुण होता की तोंडच उघडत नव्हते म्हणून तसे झाले, हे मला ठरवता येत नव्हते. म्हणून झाले ते सगळे सांगतो. सांगण्यात काही चुकले तर ती चूक माझीच असणार.

मी मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या आणि समासात बारीकसे प्रश्नचिन्ह काढायचे, एवढे माझे काम. थेट दुरुस्ती करण्याचा धीर मला कधी झाला नाही. न जाणो, लेखकाला तसेच म्हणायचे असले तर? निवृत्तीनंतर एकच काम उरले. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नजर गेली आहे. रोज दुपारी मी तिला वाचून दाखवतो. त्या दिवसांत आम्ही एका जाडजूड खुनाच्या कादंबरीत होतो.

“अरे, तिथं माणूस मेलाय,” अक्का एकदा म्हणाली, “आणि तू तोंडात लिमलेटची गोळी धरल्यासारखा काय वाचतोयस?”

“दाढ दुखतेय जराशी.”

“जराशी दुखत असती तर तू सांगितलंच नसतंस. उद्या जा. खुनी कोण ते कळल्याशिवाय मी काही मरायची नाही, सांगून ठेवते.”

रुग्णालयात फोटो काढला. खालची अक्कलदाढ हाडात आडवी झोपली होती आणि तिच्याभोवती एक पाण्याची पिशवी वाढली होती. मला जबड्याच्या सर्जनकडे पाठवण्यात आले. रुंद हातांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि लगेच सांगितले, “आजोबा, ही पिशवी हाड पोखरतेय. दाढ आणि पिशवी, दोन्ही काढून टाकू. तासाभराचं काम आहे. ठेवली तर एक दिवस जबडा मोडेल.”

“मग आजच...” मी म्हणालो.

“सर, एकट्यानं?” दारातून आवाज आला. समन्वयक बाई उभ्या होत्या. सर्जनांनी हातमोज्यांच्या खोक्याकडे नेलेला हात मागे घेतला.

पूर्वी म्हणे या रुग्णालयात प्रत्येक डॉक्टर आपल्या मर्जीने काम करी. एकाने बसवलेला दात दुसरा उपटी. त्यावर उपाय म्हणून संयुक्त दंतोपचार सुरू झाला होता. तोंड सगळ्यांचे, आणि सगळ्यांचे एकमत झाल्याशिवाय कुणीच हात लावायचा नाही. कल्पना उत्तम आहे. मला अजूनही ती उत्तम वाटते.

बैठक लंबगोल टेबलाभोवती भरली. हिरड्यांचे डॉक्टर, रूट कॅनॉलवाले, कवळीवाले, दात सरळ करणाऱ्या बाई, सर्जन आणि समन्वयक बाई. मला टोकाच्या खुर्चीवर बसवले होते. माझा जबडा भिंतीवर, माझ्यापेक्षा बराच मोठा, उजळून निघाला होता.

“या केसमध्ये सर्वांत महत्त्वाची भूमिका सरांची,” हिरड्यांचे डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“आणि महत्त्वाची आहे म्हणूनच ती सर्वांत शेवटी,” कवळीवाले म्हणाले.

“आसपासची तयारी झालेली नसताना सरांना काम करायला लावणं हा सरांचा अपमान होईल,” दात सरळ करणाऱ्या बाई म्हणाल्या.

“माझा अपमान झाला तरी चालेल हो,” सर्जन म्हणाले. “पिशवी वाढतेय.”

“हा सरांचा मोठेपणा,” समन्वयक बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो लिहून घेतला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “रुग्णाची काही हरकत?”

इतकी शिकलेली माणसे आपल्या एका दाढेसाठी आपापली कामे सोडून बसलेली. मी म्हणालो, “छे, छे.” इतिवृत्तात ते ‘रुग्णाने सहर्ष संमती दर्शवली’ असे आले. सहर्ष या शब्दापुढे मनातल्या मनात मी एक प्रश्नचिन्ह काढले.

तयारी सुरू झाली. हिरड्या खरवडून त्यांना गुलाबी तुकतुकी आणण्यात आली. शेजारच्या न दुखणाऱ्या दाढेचे, पुढेमागे दुखू नये म्हणून, रूट कॅनॉल झाले. कवळीवाल्यांनी अजून न पडलेल्या दातांचे माप घेऊन ठेवले. शेवटी दात सरळ करणाऱ्या बाई माझ्या दातांना तारा बसवायला आल्या, तेव्हा मात्र मी विचारले, “या वयात?”

“आजोबा, आत सरांना काम करायचंय. दात एका ओळीत असलेले बरे नाहीत का?”

बरेच असणार. मी तोंड उघडले. ते आता दोन बोटेच उघडत होते.

घरी अक्काने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. “तोंडाला कुंपण घातलंय का रे? आणि गाल मात्र कुंपणाबाहेर आलाय.”

“तयारी चाललीय.”

“कसली तयारी, लग्नाची? दाढ काढली का नाही?”

“सर्वांत महत्त्वाचं काम आहे ते, अक्का. शेवटी असतं.”

“तुझ्या तोंडात कोणीतरी एकानं हात घालावा म्हणून मी सांगितलं होतं. तू सगळ्या गावाला राहायला बोलावलंस.”

वाचन हळूहळू बंद पडले. कादंबरीतल्या निरीक्षकाने सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा केले होते आणि तो बोलायला उभा राहिला होता. पण माझ्याच्याने बोलवेना. अक्का पुस्तक मांडीवर घेऊन नुसती पाने चाचपत बसायची. “आता सांगणारच होता रे तो,” एवढेच म्हणायची. तिने मला टोमणा मारायचेही सोडले, तेव्हा मी खरा घाबरलो.

एकदा व्हरांड्यात सर्जन भेटले. काखेत फायली होत्या.

“डॉक्टर, तुम्ही हे... म्हणजे माझंच चुकत असेल... पण हल्ली ऑपरेशनं...?”

“मी सगळ्या समित्यांवर आहे, आजोबा. कुठलाही संघ सर्जनशिवाय पुरा होत नाही ना. सकाळी दात घासायचा ब्रश धरतो, तेवढंच हत्यार उरलंय हातात.” मग त्यांनी माझ्या गालाखाली अलगद दाबून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “हाड पापडासारखं झालंय. जांभईसुद्धा जपून द्या.”

त्यांनी तातडीची बैठक मागितली. सूज जबड्याच्या कडेखाली उतरल्याने ती दातांच्या हद्दीत येते की मानेच्या, असा मुद्दा तिथे निघाला आणि तो उपसमितीकडे गेला. शिवाय सगळ्यांना मोठ्या परिसंवादाची घाई होती. विषय होता ‘संयुक्त दंतोपचारात जबड्याच्या सर्जनची भूमिका’. मुख्य भाषण आमच्या सर्जनांचे, आणि नमुना म्हणून मी.

“पण पिशवी अजून आतच आहे,” सर्जन म्हणाले.

“सर, समन्वय यशस्वी झालाय,” समन्वयक बाई म्हणाल्या. “पिशवी हा तपशील आहे.”

सभागृह जबड्यांच्या डॉक्टरांनी गच्च भरले होते. पडद्यावर माझ्या हिरड्या दाखवल्या, त्यांना टाळ्या पडल्या. ताराही आवडल्या. मग कवळीवाल्यांनी मला माईकपुढे उभे केले. “आजोबा, आ करा. अजून. लाजू नका, मागच्या रांगेला दिसू दे.”

सर्जन “नको!” म्हणून उठले. पण एवढी माणसे वाट पाहत असताना आपण आखडते घेणे मला बरे दिसेना. मी आ केला.

कडकन आवाज झाला. माईक चांगल्या प्रतीचा होता. मग प्रात्यक्षिक संपले असे समजून मागे कोणीतरी टाळ्या वाजवू लागले. मी खाली बसलो. तोंडात रक्ताची चव होती आणि जबड्याचे दोन भाग दोन मतांचे झाले होते.

“ताबडतोब बैठक बोलवा!” समन्वयक बाई ओरडल्या.

“कशाला?” सर्जन माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुट्टी लागलेल्या पोराचा आनंद होता. “हा आता आजार नाही, बाई. हा अपघात आहे. अपघाताला एकमत लागत नाही!”

बाईंनी नियमावली चाळली. खरेच लागत नव्हते.

त्याच दुपारी सर्जनांनी पिशवी काढली, दाढ काढली, पट्टी बसवून जबडा जोडला. जुळेपर्यंत तो हलू नये म्हणून वरचे आणि खालचे दात एकमेकांना बांधले, तेही दात सरळ करणाऱ्या बाईंच्याच तारांना. त्यामुळे अहवालात ‘वेळेत झालेल्या पूर्वतयारीमुळे शस्त्रक्रिया सुकर झाली’ असे नमूद झाले. सर्जनांकडून मात्र अपघाताच्या वर्गीकरणावरून खुलासा मागवला आहे. त्यासाठी एक समिती नेमली असून, तिच्यावर एक सर्जन हवा म्हणून त्यांनाच घेतले आहे.

हे सगळे झाल्यावर ते पत्र आले. माझे दात बांधलेले, म्हणून शेजारणीने ते अक्काला वाचून दाखवले. अक्का काही दिवस धुमसली. मग आज तिने मला टेबलाशी बसवले.

“तुला उत्तर सुचायचं नाही. मी सांगते, तू लिही. ‘तुमच्या टेबलाशी मी मेलो तरी येणार नाही. दुखणाऱ्याला आधी विचारा, कुठं दुखतं म्हणून. आणि ज्याला काम येतं त्याला करू द्या.’ लिहिलंस?”

“हं.”

“वाच बघू.”

“हं हं हं. हं हं. हं.”

“शाब्बास! जन्मात पहिल्यांदा ताठ बोललास.” ती इतकी खूश झाली की मला मान खाली घालावी लागली. तिला ते दिसले नाही.

मी लिहिले होते, ‘निमंत्रणाबद्दल आभारी आहे. ही जबाबदारी स्वीकारण्यास माझी काही हरकत नाही.’ एवढ्या विश्वासाने त्यांनी मला निवडले. न जाणो, त्यांचेच बरोबर असले तर?

आत्ताच कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आलो. तेव्हा तुमची दाढ ठणकू लागली की निर्धास्तपणे या. टेबलाच्या टोकाशी तुमच्या वतीने मी बसलेला असेन. बाई विचारतील, रुग्णाची काही हरकत? आणि तुम्ही तोंड उघडण्याआधी मी मान हलवलेली असेल.