झिपरी शेळीचा सत्कार

एका जंगलात रस्ते झाले, खड्डे झाले, मग कॅबही आल्या. चालवायचे कोल्हे. शेळ्यांना मात्र कोणी बसवायचं नाही. का, तर म्हणे शेळ्या सीट खातात. आता खाल्ली असेल एखादीने एकदा, म्हणून काय जन्मभर?

बाळांनो, तिथेच टेकडीपलीकडे झिपरी नावाची शेळी राहायची. एके दुपारी तिच्या दारात चक्क कॅब.

"चला झिपरीबाई, सत्कार आहे," कोल्हा म्हणाला.

"माझा? मी काय केलं?"

"तुमच्या पूर्वजांनी केलंय. घुबडगुरुजी सांगतील."

"दिवेलागणीच्या आत घरी यायला हवं हं. वाटेतल्या पाणवठ्यावर वाघ येतो."

"सोडायची काळजी सोडा," कोल्हा म्हणाला.

सभेत घुबडगुरुजी उठले. "फ्रान्स देशात एक हलकी घोडागाडी होती. बोकडासारखी उड्या मारत जायची, म्हणून तिला कॅब्रिओले म्हणू लागले. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? उरली कॅब. म्हणजे आपली कॅब शेळीच्या घराण्यातली!"

टाळ्या पडल्या. झिपरीला शाल मिळाली, नारळ मिळाला, हारही मिळाला. तिचं लक्ष सगळं उन्हाकडे. घुबडाला तर सूर्य कलला की तरतरी येते. भाषण रंगतच गेलं. काळजीने झिपरीने निम्मा हार खाऊन टाकला.

सभा संपली तशी सगळे भराभर कॅबमध्ये बसून गेले. झिपरी मघाच्या कोल्ह्याकडे धावली.

"मला सोडायचंय ना?"

"आणायचं काम माझं होतं. सोडायचं समितीकडे."

"समिती कुठाय?"

"ती काय, गेली पुढच्या गाडीत."

"मग तुम्हीच सोडा की."

"नाही बाई. तुम्ही सीट खाता."

"अहो, आत्ताच माझा सत्कार झाला!"

"तो नावाचा झाला. बसणार तुम्हीच ना?" म्हणत कोल्हा भुर्रकन गेला.

झिपरी पायी निघाली. पाणवठ्याशी वाघ गुरगुरला. तिने शाल टाकली, नारळ टाकला आणि मारली उडी. या खडकावरून त्या खडकावर, टुणटुण करत थेट गोठ्यात. वाघाला शाल मिळाली. झिपरीला भीती वाटली होतीच, पण त्याहून जास्त राग आला होता.

आठ दिवसांनी दारात पुन्हा तोच कोल्हा.

"वाघाला चुकवलंत म्हणून सत्कार आहे. न्यायला आलोय."

झिपरी रवंथ करत म्हणाली, "आधी सोडा. मग न्या."

कोल्हा अजून विचार करतोय.

तात्पर्य : ज्याच्या नावावर आपली गाडी चालते, त्याचा सत्कार जरूर करावा. एकदा सत्कार उरकला, की त्याला गाडीत बसवावं लागत नाही.