चांदुकलीचा सापळा

"सापडला! चोर सापडला!" उपसंपादक असे उसळून उठले की त्यांचा चष्मा थेट चहात पडला. समोर प्रतिस्पर्धी प्रकाशकाचा नवाकोरा शब्दकोश होता आणि त्यात, जशीच्या तशी, त्यांची लाडकी चांदुकली: 'मोठ्या ग्रहाभोवती फिरणारा चिमुकला चंद्र.'

हा शब्द भाषेत कधी नव्हताच. मागच्या आवृत्तीत उपसंपादकांनी तो स्वतःच्या डोक्यातून काढून पेरला होता. कोश ढापणाऱ्यानं तोही ढापावा आणि अलगद अडकावा, म्हणून. कोशवाले असं करतात, फक्त बोलत नाहीत.

मालक हरखले. "कोर्टात खेचू! हा शब्द जगात कुणी वापरत नाही, एवढं सिद्ध करा. मुख्य संपादकाची खुर्ची तुमची."

उपसंपादकांनी मनातल्या मनात त्या खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली.

दुसऱ्या दिवशी, नोटीस मिळताच, प्रतिस्पर्धी हसतच आला. "चोरी कसली, साहेब? शब्द चांगला रुळलाय." त्यानं मालकांसमोर तीन पुस्तकं मांडली. "हे बालगीत, यात चांदुकल्या लपाछपी खेळतात. या कवितेत प्रेयसीच्या कानातले डूल म्हणजे चांदुकल्या. आणि ही कादंबरी. यात साहेबांभोवती घिरट्या घालणाऱ्या कारकुनांना चांदुकल्या म्हटलंय."

मालक खो खो हसले आणि उगाच उपसंपादकांकडे पाहू लागले.

उपसंपादक मात्र कादंबरीच्या मुखपृष्ठाकडे पाहत होते. घरच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय याच पुस्तकावर टेकलेला होता. मलपृष्ठावरच्या फोटोतल्या लेखिकाबाईंनी सकाळीच त्यांना डबा भरून दिला होता.

"अर्पणपत्रिकाही वाचा सवडीनं," जाताना प्रतिस्पर्धी म्हणाला. खटला तिथंच बारगळला. खुर्ची उशीसकट गेली.

घरी येताच ते कडाडले, "हा शब्द कुठून उचललास?"

"अहो, तुमच्याच कोशातून! तुम्ही छापलेला शब्द खोटा असेल, असं मला कसं वाटणार?" बायको शांतपणे म्हणाली. "पण हे आज विचारताय? कादंबरी तर तुम्ही तेव्हाच वाचली होती ना? 'छान आहे' म्हणालात."

ते वाकले आणि त्यांनी टेबलाखालचं पुस्तक ओढून काढलं. टेबल कलंडलं, चहाचा कप घरंगळला. ओल्या हातांनी त्यांनी पहिलं पान उघडलं.

'न वाचताच छान म्हणणाऱ्या ह्यांना. हेही टेबलाखालीच जाणार; पण हे पान सापडलंच, तर तिथं दुसरं काहीतरी लावा.'